अर्धी फुली

अंबाजोगाई, १९ नोव्हेंबर २०२४

धुळाजी मामा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, पण तू फोन उचलत नाहीस म्हणून तो मी राखून ठेवलाय. हा कागद शिवशंकरच्या हाती देतेय. तो गंगाखेडच्या शिवारात तुझ्या कळपाकडं पेंड आणि पीठ घेऊन येतो, तेव्हा मिळालाच नाही असं म्हणायची सोय नाही. सातवीपर्यंत शिकलायस, तेव्हा वाचता येत नाही असंही सांगू नकोस.

आईला इथल्या सरकारी दवाखान्यात दाखल केलंय. मी बीएस्सीचे तास बुडवून तिच्याजवळ बसते, आणि बापू बाहेर व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारतात. आई बरी आहे. जेवते, भांडते, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला कोकरांच्या गोष्टी सांगते. पायांचं म्हणशील तर आहे तसंच आहे.

मला तुझ्याशी त्या डागाबद्दल बोलायचंय. शिवशंकरनं सांगितलं की तू वाघुरीच्या जाळीपाशी बसून त्याला म्हणालास, “म्याच अक्काचे पाय जाळले बे.” म्हणून दिवाळीच्या पाडव्यानंतर कुणालाही न सांगता पहाटे कळप हाकलून निघून गेलास, हे तेव्हा कळलं. बापू बिचारे मेव्हण्याला चहाला बोलवायला आले तर तुझी चूल गार पडलेली.

आता काय झालं ते मी माझ्या बाजूनं सांगते. मेंढी अडखळायला लागली, एकाच जागी गरगरायला लागली की आपल्यात तिच्या मानेवर डाग देतात. आई मेंढीचं डोकं मांडीत दाबून धरते, तू विळा तापवून फुली मारतोस. आजोबांच्या हाताखाली तुम्ही दोघं हे शिकलात. आईचे पाय उन्हाळ्यापासून जड व्हायला लागले होते, बोटांना मुंग्या यायच्या, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. माणसांच्या औषधानं गुण येईना, तेव्हा तिनं स्वतःच ठरवलं की हे मेंढीचंच दुखणं आहे. तू नाही नाही म्हणत होतास. मी दारात उभी होते, मी ऐकलंय. ती म्हणाली, “थोरली मी हाय का तू? डाग.” तू डागलंस. आणि त्याच आठवड्यात तिचे पाय पार लुळे पडले.

तुझ्या डागामुळं पडले का? मला माहीत नाही. पण हे कुणाला तरी माहीत असणार, आणि जिला इतक्या प्रश्नांवरून मास्तर वर्गाबाहेर काढायचे ती मी, शोधून काढल्याशिवाय राहणार नाही.

एक गंमत सांगते. आई तुझ्यावर लई चिडलीय. पण डागलंस म्हणून नाही. तू फुलीतली एकच रेघ मारलीस आणि विळा टाकून दिलास म्हणून. सगळ्या वॉर्डाला सांगते, “धुळ्यानं काम अर्धं सोडलं. दुसरी रेघ मारली असती तर म्या कवाच उठले असते.”

तुझी,
धनश्री


अंबाजोगाई, २४ नोव्हेंबर २०२४

धुळाजी मामा,

उत्तर दिलं नाहीस, पण शिवशंकरबरोबर घोंगडी पाठवलीस, ती मिळाली. सिस्टर म्हणाल्या, हिला कसला वास येतोय. आई म्हणाली, “मेंढरांचा. कावून, तुमाला येत न्हाई का घरी?” आता घोंगडी खाटेखाली आहे आणि सिस्टर आईशी जपून बोलतात.

आईला त्या मोठ्या नळकांड्यात घालून मानेचा आणि पाठीचा फोटो काढला. आत कुणीतरी डबा बडवतंय असा आवाज येतो. आई बाहेर येऊन म्हणाली, आत गजीढोल चालू होता, नुसतं नाचायचं राहिलं.

फोटो मी पाहिला. मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो, करंगळीएवढा जाड दोर. मेंदूचा निरोप त्यातूनच पायांपर्यंत जातो. आईचा तो दोर मानेच्या वरच्या टोकाला, डोकं जिथं मानेवर बसतं तिथं सुजलेला आहे. त्याच्या कडेनं काळे काळे वळवळते ठिपके होते. मी बोलून गेले, अळ्या आहेत! आई लगेच उठून बसायला लागली. तुला आठवतं, गरगरून मेलेल्या मेंढीचं डोकं फोडून तू मला आतला पाण्याचा फोड दाखवला होतास? त्यात जंताच्या अळ्या असतात असं मी नंतर पुस्तकात वाचलं. आईलाही वाटलं, आपल्या मानेत तेच. ती विजयी मुद्रेनं बापूंकडं बघत होती.

पण डॉक्टर म्हणाले, अळ्या नाहीत, फुगलेल्या शिरा आहेत. इतक्या शिरा तिथं इतक्या फुगायचं काही कारण नाही. का फुगल्या ते बघायला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. परवा निघतोय.

मला रात्री झोप लागत नाही, पण भीतीनं नाही. म्हणजे भीती आहेच. पण त्याहून जास्त, त्या शिरा का फुगल्या हे मला आत्ताच्या आत्ता कळायला हवंय. हे वाईट आहे का, मामा? आईच्या दुखण्यात असं डोकं घालावंसं वाटणं?

धनश्री


छत्रपती संभाजीनगर, २ डिसेंबर २०२४

धुळाजी मामा,

सापडलं!

आईच्या जांघेतून एक बारीक नळी आत घातली, ती सरकवत सरकवत थेट मानेपर्यंत नेली आणि तिथं औषध सोडलं. पडद्यावर रक्तवाहिन्या काळ्या रेघांनी उमटत जातात, उघड्या बाभळीच्या फांद्यांसारख्या. इथं वैष्णवी मॅडम म्हणून तरुण डॉक्टर आहेत. माझे प्रश्न संपत नाहीत म्हणून त्यांनी शेवटी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाल्या, बघ आणि मला जेवू दे.

तर ऐक. काळजाकडून जोरात येणारं रक्त धमनीतून येतं आणि वापरून झालेलं रक्त शिरेतून सावकाश परत जातं. मधे बारीक बारीक वाटा असतात, त्यात जोर मुरतो. आईच्या मानेत मज्जारज्जूच्या वेष्टणावर एक धमनी सरळ शिरेलाच जाऊन चिकटलीय. मधल्या वाटा नाहीतच. धमनीचा सगळा जोर त्या नाजूक शिरेत शिरतो, शीर फुगते, आणि मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडू शकत नाही. आत तुंबतं. म्हणून सूज, म्हणून पाय.

मी हे आईला समजावत होते तर ती मला थांबवून म्हणाली, “म्हंजी वाघुरीचं तोंड एकच, आतली मेंढरं बाहेर निघायलीत, आन बाहेरून दुसराच कळप धावत आत शिरला. मग काय, आतली आतच चेंगरायची.” वैष्णवी मॅडमनी दोनदा विचारून घेतलं, वाघूर म्हणजे काय. मी सांगितलं, रात्री मेंढरं कोंडायची जाळी. त्या म्हणाल्या, पुढच्या पेशंटला असंच सांगेन.

आता तुझा प्रश्न. मी त्यांना सरळ विचारलं, मानेवर डाग दिल्यानं असं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. डाग कातडीवर आहे, ही जोडणी कितीतरी आत, हाडाच्याही पलीकडं. आणि शिरा इतक्या फुगायला पुष्कळ दिवस लागतात, पाय जड व्हायला लागले तेव्हाच हे चालू झालेलं असणार. मी म्हटलं, मग डागल्यावर लगेच पाय गेले ते? त्या म्हणाल्या, ते जायच्याच वाटेवर होते. या दुखण्यात असं एकाएकी बिघडतं.

हे नीट वाच. परत वाच. तू पाय जाळले नाहीस.

मानेमागून उघडून ती चुकीची जोडणी तोडायची आहे. नळीतूनच औषध भरून ती बुजवता येते म्हणे, पण इथं शेजारूनच मेंदूला जाणारी मोठी धमनी आहे, औषध भलतीकडं गेलं तर महागात पडेल. म्हणून ऑपरेशनच. ते जरा लांबलंय, मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेत. आले की तारीख मिळेल.

बापू गावाकडं निघालेत, त्यांच्याकडं कागद देतेय, ते शिवशंकरला देतील.

धनश्री


छत्रपती संभाजीनगर, ८ डिसेंबर २०२४

धुळाजी मामा,

मागच्या पत्रात मी एक थाप मारली. मोठे डॉक्टर कुठंही गेलेले नाहीत. रोज सकाळी येतात.

पत्र दिल्यावर त्यात काय लिहिलं ते मी आईला आठवून सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. “त्याला कावून फसवतीस? एवढा दाढीमिशांचा गडी हाय. खरं लिही.” म्हणून खरं लिहिते. ऑपरेशन तुझ्या डागामुळं लांबलंय. डाग नेमका तिथंच आहे जिथं कापायचंय, आणि तो चिघळला. चिघळलेल्या कातडीतून आत गेलं तर पू मज्जारज्जूपर्यंत पोचायची भीती, आणि मग जीवावरच बेतायचं. म्हणून जखम वाळेपर्यंत थांबायचं. आणि थांबण्यातही धोका आहे. पाय आहेत तसेच आहेत असं मी लिहिलं होतं ना, ते तसे राहिलेले नाहीत. मागच्या आठवड्यात आई अंगठा हलवायची, आता तोही हलत नाही. हाताची पकडही ढिली झालीय, चहाचा कप मी धरते. बाकीचं तुला लिहीत नाही, तू भाऊ आहेस तिचा.

मोठ्या डॉक्टरांनी जखम पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, “हे कुणी केलं?” आई म्हणाली, “भावानं. पण अर्धंच केलं.” डॉक्टरांनी जखमेवर पट्टी झाकली. बाहेर येऊन त्यांनी मला झापलं, आणि मी ऐकून घेतलं, कारण त्या वेळी मलाही तुझा राग आला होता. अजून थोडा आहे. पण राग वेगळा आणि पाय जाळणं वेगळं. दोन्हींची भेसळ करू नकोस.

आज आईनं मॅडमना विचारलं, “कापताना माझं डोकं कोण धरणार?” त्या म्हणाल्या, लोखंडी पकड असते, तीन खिळे कवटीला टेकवतात, डोकं केसभरही हलत नाही. आईनं तीन बोटं स्वतःच्या डोक्यावर टेकवून बघितली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “जित्राबाचं डोकं वळखीच्या माणसानं धरावं. ते घाबरत न्हाई मग.” तुझं नाव तिनं घेतलं नाही. मी घेतेय. तू ये.

धनश्री


छत्रपती संभाजीनगर, २१ डिसेंबर २०२४

मामा,

शिवशंकरचा फोन आला होता. मागचा कागद वाचून तू त्याच दिवशी जाळी गुंडाळलीस आणि कळप आणखी लांब, गोदावरीपलीकडं नेलास. खरं लिहिलं त्याचं हे फळ. आईला मी सांगितलं नाही. तिला वाटतंय तू गाडी चुकवली असशील.

ऑपरेशन झालं.

डोकं पकडीतच धरलं. आत नेताना आई मॅडमना म्हणाली, “बाई, तुजी वळख झालीय आता, तू जवळ ऱ्हा.” मॅडम राहिल्या. बापू दिवसभर देवाचा भंडारा मुठीत धरून बसले होते. संध्याकाळी मूठ उघडली तर हळद घामानं पार चिकटलेली.

आत काय झालं ते मी मॅडमना इतकं छळून विचारलंय की त्या मला बघून वाट बदलतात. पालथं झोपवून मानेमागून उघडलं. वरच्या मणक्याच्या कमानीचा तुकडा काढला, मग मज्जारज्जूचं वेष्टण. आत मोठ्या दुर्बिणीखाली ती शीर दिसली. शीर निळसर असायला हवी, ही लालभडक होती आणि धमनीसारखी उडत होती. जिथं ती वेष्टणातून आत येते तिथं आधी छोटी क्लिप लावली. आणि मामा, सगळे बघत असताना तिचा रंग बदलत गेला. लाल, मग जांभळी, मग निळी. उडायची थांबली. रक्तात चमकणारं औषध सोडून पुन्हा तपासलं, भलत्या वाटेनं काही जात नव्हतं. तेव्हा तिथं जाळून, तोडून टाकली.

हो, जाळूनच. विजेच्या चिमट्यानं. मला ऐकून हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. मॅडम घाबरल्या. शेवटी डागच दिला की, फक्त योग्य जागी!

काल पुन्हा नळी घालून बघितलं. जोडणी गेलीय. पाय येतील का, विचारलं तर म्हणतात, जे मेलंय ते परत येत नाही, जे नुसतं गुदमरलं होतं ते येईल. किती मेलंय आणि किती गुदमरलंय, ते त्यांनाही माहीत नाही. माहीत नाही असं डॉक्टर सरळ म्हणतात, ते मला आवडलं.

आज पट्टी बदलताना मोठे डॉक्टर होते. मी म्हटलं, जखम लवकर वाळली ना? ते म्हणाले, “एकच रेघ होती आणि तीही शेवटी उथळ होत गेलेली. ज्यानं केलं त्यानं मधेच हात काढला. पूर्ण फुली असती तर कातडी भरायला आणखी महिना गेला असता, आणि तुमच्या आईच्या पायांना तेवढी सवड नव्हती.”

मी हे आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितेय. तू हात का काढलास, मामा? एवढी मेंढरं डागलीस, कधी रेघ अर्धी सोडली नाहीस. आईचं डोकं त्या दिवशी कुणीच धरलं नव्हतं, ती स्वतःच दोन्ही हातांनी धरून बसली होती. मला दारातून तिचा चेहरा दिसत नव्हता, तुझा दिसत होता.

धनश्री


नांदूरघाट, २ फेब्रुवारी २०२५

धुळाजी मामा,

आम्ही घरी आलो. आईच्या कपाळावर त्या पकडीच्या खुणा आहेत, बोटानं चाचपते आणि म्हणते, “डोकं धरणाऱ्यानं सही ठोकून ठेवलीय.”

आधी उजवा अंगठा हलला. आईला नाही कळलं, मला दिसला. मी ओरडले तर बापू धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मग घोटा, मग गुडघा. डावा पाय मागं आहे, अजून ओढतो. बोटांच्या मुंग्या गेलेल्या नाहीत, भाकरी थापताना पीठ किती घट्ट ते कळत नाही म्हणून तिच्या भाकरी आता नकाशासारख्या होतात. लोखंडी आधार धरून अंगणात येते, आणि आधार सोडून थोडा वेळ उभी राहते. थोडाच. मग पाय थरथरायला लागतात आणि कुणीतरी पाठीमागं असावं लागतं. पूर्वीसारखी कळपामागं चालेल का, हे मी तुला सांगू शकत नाही. चालेल असं लिहिलं तर ती पुन्हा थाप होईल.

मोठ्या डॉक्टरांचं बोलणं मी तिला परवा सांगितलं. दुसरी रेघ असती तर उशीर झाला असता, तेवढे पाय आणखी गेले असते. ती शेंगा फोडत होती. मी म्हटलं, आता बोल की धुळ्यानं काम अर्धं सोडलं म्हणून. तिनं हातातली शेंग अंगणातल्या शेळीपुढं टाकली. मग म्हणाली, “त्यो रेघ मारत व्हता. मानेवर माज्या पाण्याचा थेंब पडला, गरम. मला वाटलं घाम हाय.” मग शेंगा बाजूला सारून रडली. दुखण्यात एकदाही रडली नव्हती, मामा.

थोड्या वेळानं डोळे पुसून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “लिही त्याला. तू अर्धं सोडलं म्हणून म्या उभी हाय.”

मी लिहिते म्हटलं. मग म्हणाली, “नगं. लिहून लई झालं. कागद वाचून त्यो आनखी लांब पळतो.” हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक. शिवशंकरनंच सांगितलं असणार.

म्हणून या खेपेला शिवशंकरच्या गाडीत पेंडीची पोती मागं आहेत आणि पुढं, त्याच्या शेजारी, आई. मांडीवर तुझी घोंगडी. डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणाले धक्के खाऊ नका, म्हणून शिवशंकरला सावकाश चालवायची ताकीद दिलीय. तुझा तळ धर्मापुरीच्या शिवारात आलाय हेही आम्हाला कळलंय. परतीच्या वाटेवर आहेस, पण गाव टाळून आडवाटेनं. कळपाची धूळ लपत नसते रे.

हा कागद तीच तुझ्या हातात देणार आहे. आधार गाडीतच ठेवीन म्हणालीय, धुळ्यासमोर लोखंड धरून उभी राहायची नाही म्हणे. तिचा हट्ट तुला माहीत आहे. राखून ठेवलेला साष्टांग नमस्कार घे, आणि वाचत बसू नकोस. मान वर कर आणि तिचा हात धर. तिला अजून फार वेळ उभं राहवत नाही.

धनश्री